हॉटेलात उतरलेली बाई

डॉक्टर वसुधा पाटणकर हॉटेलात उतरल्या, ही बातमी त्यांचा चहा निवायच्या आत नॉक्सव्हिलमधल्या मराठी घरांत पोचली.

चूक त्यांचीच. ओहायोतल्या डब्लिनहून सकाळी एकट्याच गाडी चालवत निघालेल्या वसुधाबाई दुपारी टेनेसीत आल्या, हायवेला लागून असलेल्या ग्रीनगेट इनमध्ये खोली घेतली आणि पार्किंगमधून लांबवर दिसणाऱ्या स्मोकी पर्वताच्या निळ्या रेघेचा फोटो काढून भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पोचले. उद्या सकाळी तिकडे.’ फोटोच्या कोपऱ्यात हॉटेलची हिरवी पाटी आली होती, ती मात्र त्यांना दिसली नाही. सगळा जन्म भूलतज्ज्ञ म्हणून काढलेली बाई, पेशंटच्या नखांच्या रंगावरून त्याची तब्येत ओळखणारी, आणि एवढी मोठी हिरवी पाटी नजरेतून सुटली! भिशीतल्या बायकांच्या नजरेतून ती सुटणार नव्हतीच. कोणीतरी पाटी वाचली, कोणीतरी नॉक्सव्हिलच्या उत्तराला कळवलं, आणि उत्तराच्या नवऱ्याचा, म्हणजे मनोहर दाभाड्यांचा, फोन आला.

“वहिनी, आमचं घर जळालं का?”

“नाही हो, भावजी. असं काय बोलता?”

“मग तुम्ही हॉटेलात कशा?”

वसुधाबाईंनी काही उत्तर द्यायच्या आत मनोहरनी “निघतोच आम्ही” म्हणून फोन ठेवला.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत हा कायदा कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडून बघा एकदा. ज्या गावात एक जरी मराठी घर असेल, तिथे हॉटेलात उतरायचं नाही. उतरलात तर त्या घराचं नाक कापलंत. मग ते लोक तुम्हाला कधीकाळी एका गणेशोत्सवात भेटलेले का असेनात, त्यांच्या गेस्टरूममध्ये ट्रेडमिल, जुना प्रिंटर आणि डब्यात ठेवलेली गौरींची आरास यांच्यामधून वाट काढत झोपायचं आणि सकाळी उठून “काय छान झोप लागली!” म्हणायचं.

वसुधाबाईंनी हा कायदा उभ्या संसारात पाळला. त्यांचे यजमान सुमंत म्हणजे माणसांचा भुकेला माणूस. मराठी मंडळाचा अध्यक्ष, प्रत्येक राज्यात याची ओळखीची चार घरं. सुट्टी लागली की गाडी काढायची आणि या घरून त्या घरी. सुमंत दिवाणखान्यात गप्पांचा फड जमवून बसे, आणि वसुधाबाई? परक्या ओट्यापाशी, परक्या पोळपाटावर पोळ्या लाटत. पाहुणी बाई नुसती बसून राहिली तर बरं दिसत नाही ना! मिरज मेडिकलची सुवर्णपदक मिळवलेली डॉक्टर, वर्षभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहायची, आणि सुट्टीत कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी राहायची.

नॉक्सव्हिललाच त्या चारदा आल्या होत्या. स्मोकी पर्वत तासाभरावर. चारही वेळा नाश्ता लांबला, नाश्त्याचं जेवण झालं, जेवायला आणखी चार कुटुंबं आली, मग उशीर झाला, मग पाऊस आला. “पर्वत कुठं पळून जातोय, वसू?” सुमंत हसून म्हणायचा. पर्वत नाही गेला. सुमंत गेला.

तो गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं, कॅरी गावात राहणाऱ्या राजीवनं, आईला फिरायला पाठवलं. फिरायला म्हणजे काय, तर एका काकांच्या घरून दुसऱ्या काकांच्या घरी पोचवायची व्यवस्था लावली. सगळी माणसं चांगली, त्याबद्दल वादच नाही. पण प्रत्येक घरात चहाचा कप हातात आला की घरची बाई जवळ सरकून विचारायची, “कसं झालं हो?” मग वसुधाबाई सांगायच्या. सकाळची वेळ, बाथरूमचं दार, अँब्युलन्स. समोरची बाई रडायची, आणि तिची समजूतही यांनीच काढायची. दुसऱ्या गावी पुन्हा तेच. परत आल्यावर राजीवनं विचारलं, “आई, काय काय बघितलंस?” तेव्हा त्यांना गेस्टरूमच्या पडद्यांखेरीज काही आठवेना. त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं, ते काही पुन्हा जागेवर आलं नाही.

तेव्हापासून वसुधाबाई गावोगावी शाखा असलेल्या या ग्रीनगेट इनमध्ये उतरू लागल्या. मिशिगनला गेल्या तरी तिथंच, नायगारा बघायला गेल्या तरी तिथंच. राजीव चिडवायचा, “आई, निदान एखादं लोकल, कॅरेक्टर असलेलं हॉटेल बघ! इतक्या लांब जाऊन तीच खोली?” बाई म्हणायच्या, तीच हवी. दाराच्या डाव्या हाताला दिव्याचं बटण, कपाटात इस्त्री, खिडकीखाली एसी, खाली सफरचंदांचा वाडगा आणि सकाळी आपलं आपण उलटायचं वॉफलचं यंत्र. थिएटरमध्ये ट्रेवरची प्रत्येक वस्तू जागच्या जागी असली की डोळे पेशंटवर ठेवता येतात, हात शोधत बसत नाहीत. खोलीत काही शोधावं लागलं नाही की डोळे डोंगरासाठी मोकळे राहतात, एवढं साधं गणित होतं. शिवाय परक्या गावात एकट्या बाईला एक तरी दार ओळखीचं असावं, आणि त्या दारामागे ओळखीचं कोणी नसावं! हे दुसरं कारण त्यांनी राजीवला कधी सांगितलं नव्हतं.

खोली त्या मुद्दाम दोन पलंगांची घेत. एक झोपायला, दुसरा पसाऱ्याला. आताही दुसऱ्या पलंगावर नकाशा, दुर्बीण, चिवड्याचा डबा, चालायचे बूट आणि उद्याचे कपडे पसरलेले होते. उद्या उजाडल्यावर निघायचं, वरच्या टोकावरच्या मनोऱ्यापर्यंत चढायचं, आणि कोणाच्या हाताला पीठ लागायच्या आत पर्वत डोळे भरून बघायचा, असा बेत. आता या बेतावर मनोहरभावजी चाल करून येत होते. आज यांच्या घरी गेलो तर उद्याचा पर्वत पाचव्यांदा बुडाला, हे वसुधाबाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी केस नीट केले, किल्ली पर्समध्ये टाकली आणि खाली लॉबीत जाऊन बसल्या. लढाई व्हायचीच असेल तर आपल्या मैदानावर झालेली बरी.

दाभाडे दांपत्य आलं. मनोहर धरणांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, उंच, आवाजानं त्याहून उंच. मागून उत्तरा, वसुधाबाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, अंगावर घाईनं चढवलेलं जॅकेट आणि बाहीला हळदीचा डाग. म्हणजे स्वयंपाक सुरू झालाच होता.

“बॅग कुठंय, वहिनी?” मनोहरनी आल्या आल्या विचारलं. “रूम कॅन्सल करून टाकू. मी बोलतो काउंटरवर.”

“बसा, भावजी. सफरचंद घ्या.”

“सफरचंद काय? अहो, उत्तरानं पुरण शिजवलंय. उद्या दुपारी आठ-दहा लोकांना बोलावलंय, खास तुम्ही येणार हे राजीवनं कळवलं म्हणून. सुमंतच्या आठवणी काढू, जरा तुम्हालाही बरं वाटेल.”

“उद्या मी पर्वतावर जाणार आहे.”

“जाऊ की! जेवण झाल्यावर मी स्वतः ड्राइव्ह करून नेतो.”

वसुधाबाईंना हसू आलं. हे वाक्य त्यांना पाठ होतं, यातला स्वल्पविरामसुद्धा.

“भावजी, मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. पुढच्या खेपेला चहाला येईन. कोणाला बोलवायचं नाही, आणि फोटोला हार घालून ठेवायचा नाही, एवढं कबूल केलंत तर.”

काउंटरवरच्या मुलीनं एकदा वर पाहिलं. मराठी तिला कळत नव्हती, पण आवाज कोणत्याही भाषेत कळतो. मनोहरांचा चेहरा पडला, आणि वसुधाबाईंना वाईट वाटलं. का नाही वाटणार? सुमंत गेला तेव्हा हाच माणूस रात्रीतून गाडी चालवत डब्लिनला आला होता, खांदा द्यायला. पण वाईट वाटून वाटूनच आपली चाळीस वर्षं परक्या ओट्यांपाशी गेली, हेही त्यांना त्याच क्षणी आठवलं.

“आमचं काही चुकलं का?” मनोहर म्हणाले.

“काही चुकलं नाही. तुम्ही फार चांगले आहात, तीच तर पंचाईत आहे.” वसुधाबाई पुढे वाकल्या. “भावजी, तुमच्या घरी आले की सुमंत पुन्हा जातो. तुम्ही विचारणार, कसं झालं. मी सांगणार. उद्या आठ-दहा जण विचारणार, मी परत सांगणार. प्रत्येक घरात मी त्या माणसाला पुन्हा मारत आलेय. मला नाही आता ते जमत! या मुलीनं मला एकच विचारलं, वरचा मजला चालेल का. किती बरं वाटलं, काय सांगू. इथं मी कोणाची विधवा नाही, कोणाची वहिनी नाही. दोनशे चौदा नंबरची बाई आहे.”

मनोहरांनी मग अशा वेळी पुरुष जे करतात ते केलं. फोन काढला आणि राजीवला लावला. “घे बाबा, तूच समजाव तुझ्या आईला,” म्हणून फोन वसुधाबाईंच्या हातात दिला.

“आई, व्हॉट इज गोइंग ऑन?” राजीव म्हणाला. “काका किती अपसेट आहेत! तू त्यांच्याकडे राहणार हे आपलं ठरलं होतं.”

“तुझं ठरलं होतं. मी नुसतं हं म्हटलं होतं.”

“आई, यू आर सेव्हंटी-टू. एकटीला काही झालं तर?”

“झालं तर हे हॉटेलवाले लगेच नाइन-वन-वन लावतील. मनोहरभावजी आधी तुला फोन लावतील.”

पलीकडे राजीव हसला की खोकला, कळलं नाही. “दॅट्स नॉट फनी. हे बघ, असंच करणार असशील तर मी सकाळच्या फ्लाइटनं येतो आणि तुला इथं घेऊन येतो. मग पुरे झालं हे एकटीनं फिरणं.”

हे मात्र वसुधाबाईंना लागलं. लहानपणी ज्याला सायकल शिकवताना त्यांनी मागचा हात मुद्दाम सोडला होता, तो पोरगा आज त्यांची गाडी काढून घ्यायला निघाला होता.

“ये,” त्या म्हणाल्या. “जरूर ये. ग्रीनगेटमध्ये तुझी तू दुसरी खोली घे. सकाळी मी निघून गेलेली असेन. माझ्या मागोमाग पर्वत चढायचा तर चढ, नाहीतर खाली वॉफल खात बस. पण राजीव, माझी गाडी मी चालवते. ज्या दिवशी चालवता येणार नाही, त्या दिवशी मला तुझ्या आधी कळेल. मी डॉक्टर आहे. आता ठेव फोन, तुझ्या काकांची बॅटरी संपेल.”

आणि त्यांनीच ठेवला. मग पदर नसतानाही पदर सारखा करावा तसं जॅकेटचं टोक नीट केलं आणि फोन मनोहरांना परत दिला.

मनोहर उठले. “ठीक आहे, वहिनी. तुमची मर्जी. लोकांना काय सांगायचं ते आम्ही बघू. चल गं उत्तरा.”

आतापर्यंत उत्तरा अवाक्षर बोलली नव्हती. खरं तर ती नवरा-वहिनीच्या भांडणाकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष लॉबीतल्या नाश्त्याच्या कोपऱ्याकडे होतं. रिकामी टेबलं, झाकून ठेवलेलं वॉफलचं यंत्र, कागदी कपांची चळत.

“तुम्ही गाडी पुढे आणा,” ती म्हणाली. “मी जरा वर वसुधाताईंच्या खोलीत जाऊन हातपाय धुऊन येते. हळदीचा हात आहे.”

वसुधाबाई सावध झाल्या. हे दुसऱ्या फळीचं आक्रमण असणार. नवऱ्याला जमलं नाही ते आता बायको डोळ्यांत पाणी आणून करणार. लिफ्टमध्ये त्या मनातल्या मनात उत्तरं जुळवत राहिल्या.

खोलीत शिरल्यावर उत्तरानं हात धुतले, बाहेर आली आणि उभ्या उभ्या सगळं न्याहाळलं. पडदा, एसी, कॉफीचं छोटं यंत्र. मग वसुधाबाईंचा दुसऱ्या पलंगावरचा पसारा जरासा बाजूला सारून कडेला टेकली.

“इथं सकाळी चहा कोण करतं, वसुधाताई?”

“ज्याला हवा तो करतो. माझा मी करते. पावडर मी घरून आणते.”

“आणि नाश्ता?”

“खाली असतो. आपल्याला हवं ते घ्यायचं. कोणी आग्रह करत नाही, कोणी किती खाल्लं बघत नाही.”

“भांडी?”

“कागदाची. टाकून द्यायची.”

वसुधाबाईंनी जुळवून ठेवलेली उत्तरं तशीच राहिली, कारण उत्तरा विचारत होती ते भलतंच होतं.

“उत्तरा, तुला राग आला ना माझा? तू पुरण शिजवलंस...”

“पुरण मी दर पंधरा दिवसांनी शिजवते, ताई. कोणीतरी येतंच. स्मोकी बघायला सगळ्यांना यायचं असतं ना, आणि आमचं घर वाटेवर.” तिनं खिडकीकडे पाहिलं. तिथून पर्वताची निळी रेघ दिसत होती, आता थोडी काळपट झालेली. “हे सगळ्यांना घेऊन जातात. प्रत्येक वळण यांना पाठ आहे. कुठं अस्वल दिसतं, कुठं गाडी थांबवायची, सगळं.”

“मग तूही किती वेळा गेली असशील!”

“मी?” उत्तरा हसली. “गाडीत जागा कुठं असायची? पाहुणे बसायचे. परत आल्यावर सगळ्यांना भूक लागलेली असते, म्हणून मी मागे राहायची. मुलं लहान असताना एकदा पायथ्यापर्यंत गेले होते. वर नाही गेले कधी. छत्तीस वर्षं झाली या गावात.”

वसुधाबाई तिच्यासमोर आपल्या पलंगावर बसल्या. चारदा या बाईच्या ओट्यापाशी त्या उभ्या होत्या. दोघींनी मिळून किती पोळ्या लाटल्या असतील! दोघींनाही पर्वत बघायचा होता, आणि दोघी एकमेकींना “राहू दे इथलं, मी बघते” म्हणत राहिल्या होत्या. त्यांना उत्तराचा राग नव्हताच. राग आला तो त्या पोळ्यांचा, त्या हसतमुख दिवाणखान्याचा, आणि हो, सुमंतचासुद्धा. गेलेल्या माणसाचा राग येतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

“उद्या चल माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “माझ्या गाडीत एकच सीट भरलेली आहे.”

“उद्या ते आठ-दहा लोक...”

“ते मला भेटायला येतायत ना? मीच नसणार.”

उत्तरानं हाताच्या तळव्यानं चादर सपाट केली, मग जॅकेटच्या बाहीवरचा हळदीचा डाग बघितला. डाग काही धुऊन गेला नव्हता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. खालून मनोहर. आवाज इतका मोठा की वसुधाबाईंना इकडच्या पलंगावर स्वच्छ ऐकू येत होता.

“अगं, गाडी आणलीय. किती वेळ लावतेस?”

“तुम्ही जा घरी,” उत्तरा म्हणाली.

“जा म्हणजे? आणि तू?”

“मी इथं राहतेय आज. पुरण झाकून फ्रिजमध्ये ठेवा. उद्याच्या लोकांना नका म्हणून सांगा, नाहीतर तुम्हीच वाढा त्यांना. सकाळी मी ताईंबरोबर वर जाणार आहे.”

मग मनोहर बोलले, आणि त्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. “उत्तरा, वेड लागलं का तुला? गावात आपलं स्वतःचं घर असताना हॉटेलात उतरायचं?”

उत्तरानं वसुधाबाईंकडे पाहिलं. तिचा गोल चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “घर आहे म्हणूनच.”

तिनं फोन बंद केला आणि उलटा करून उशीखाली सरकवला. वसुधाबाईंनी उठून दुसऱ्या पलंगावरच्या नकाशाची घडी केली, दुर्बीण टेबलावर ठेवली, बूट खाली सरकवले. उत्तराही सवयीनं मदतीला उठली आणि चिवड्याचा डबा उचलू लागली.

“खाली बस!” वसुधाबाई ओरडल्या. “या खोलीत कोणी मदतीला उठायचं नाही.”